बांगडीचा २.४ नंबर म्हणजे २.४ इंच नाही! व्यास, परीघ आणि ६.२८ चा हिशोब

ऑनलाइन बांगड्या मागवायला गेलं की साइज निवडायचे चौकोन समोर येतात. २.२, २.४, २.६, २.८ आणि मग २.१०.

जरा थांबून बघा. २.८ च्या पुढे २.१० कसं काय? शाळेत शिकलेल्या दशांशाप्रमाणे २.१० म्हणजे २.१, म्हणजे ते २.२ च्याही आधी यायला हवं. पण इथे ते सगळ्यात मोठं माप आहे. अनेक जण हा विचार न करताच अंदाजाने एक चौकोन दाबतात. मग बांगडी हातात चढत नाही, किंवा चढते आणि कोपरापर्यंत फिरत बसते. काचेची असेल तर जबरदस्तीने चढवताना वाढते. (बांगडी फुटली असं आपल्याकडे म्हणत नाहीत, वाढली म्हणतात.)

यात दोष फक्त वेबसाइटचा नाही. या आकड्यामागे दोन गोष्टी लपलेल्या आहेत. एक म्हणजे जुनी सोळा भागांची मोजणी. दुसरी म्हणजे वर्तुळाचा व्यास आणि परीघ यांचं नातं. सातवीत-आठवीत हे सगळ्यांनी घोकलेलं असतं, पण बांगडी घेताना, घेरदार स्कर्ट शिवताना किंवा गाडीचा टायर बदलताना ते कुणाला आठवत नाही. आज तेच नीट समजून घेऊया.

२.४ मधला टिंब दशांशाचा नाहीच

बांगडीच्या मापातला पहिला आकडा म्हणजे पूर्ण इंच. टिंबानंतरचा आकडा म्हणजे इंचाचे सोळावे भाग. पूर्वी रुपयाचे सोळा आणे असायचे, अगदी तसेच इथे इंचाचे सोळा भाग धरले आहेत.

म्हणजे २.४ हे दोन इंच आणि वर चार सोळांश, म्हणजेच सव्वादोन इंच. २.८ म्हणजे दोन इंच आणि आठ सोळांश, म्हणजे अडीच इंच. २.१२ असेल तर पावणेतीन. चार आणे म्हणजे पाव, आठ आणे म्हणजे अर्धा, बारा आणे म्हणजे पाऊण, हा जुना हिशोब ज्यांना पाठ आहे त्यांना यात काहीच अवघड वाटणार नाही. आता २.१० हे २.८ पेक्षा मोठं का, तेही कळलं. दहा आणे आठ आण्यांपेक्षा जास्तच असतात.

दशांश समजून मोजलं तर काय होतं बघा. २.४ इंच दशांशात धरले तर ते जवळपास ६१ मिलिमीटर होतात. पण बांगडीचा खरा २.४ हा ५७.१५ मिलिमीटरचा असतो. ६० मिलिमीटरच्या किंचित वर जातो तो २.६. म्हणजे पट्टीवर २.४ इंच मोजून २.४ मागवलीत, तर तुम्ही एक अख्खा नंबर लहान मागवलीत. २.१० च्या बाबतीत तर घोटाळा फारच मोठा. दशांशाने ते ५३ मिलिमीटर आणि खरं माप जवळजवळ ६७.

बरं, हे इंच कशाचे? बांगडीच्या आतल्या व्यासाचे. कडेच्या आतल्या बाजूपासून समोरच्या आतल्या बाजूपर्यंत, मधोमध. इथे अनेकांची गाडी घसरते, कारण आपला हात काही पट्टीने मोजता येत नाही. हाताभोवती दोरा गुंडाळून मोजता येतो, आणि दोरा देतो परीघ. वेबसाइट विचारते व्यास. या दोघांमधला पूल हाच आपला विषय.

तीन शब्द आणि एक धनुष्य

वर्तुळाच्या मध्यबिंदूपासून कडेपर्यंतचं अंतर म्हणजे त्रिज्या. एका कडेपासून मध्यातून जात समोरच्या कडेपर्यंतचं अंतर म्हणजे व्यास. तो नेहमी त्रिज्येच्या दुप्पट. आणि कडेकडेने एक पूर्ण फेरी मारली तर जेवढं चालावं लागेल तेवढा परीघ. शिंपी त्याला घेर म्हणतात, आणि खरं तर तोच शब्द जास्त बोलका आहे.

त्रिज्या या शब्दात 'तीन' कुठून आलं, असा प्रश्न तुम्हाला कधी पडला आहे का? जुन्या भारतीय गणितात वर्तुळाच्या तुकड्याकडे धनुष्य म्हणून बघत. कमानीसारखा भाग म्हणजे चाप, आणि त्याला बांधलेली दोरी म्हणजे ज्या किंवा जीवा. शाळेच्या पुस्तकात 'जीवा' आजही तशीच आहे. गणिताला सोयीची म्हणून पुढे या दोरीच्या अर्ध्या भागालाच ज्या म्हणू लागले. कोन वाढत गेला की ही ज्या लांब होत जाते. कोन तीन राशींचा, म्हणजे तीन वेळा ३० असा ९० अंशांचा झाला, की ती बरोबर मध्यबिंदूपासून कडेपर्यंतच्या अंतराएवढी होते. तीन राशींची ज्या म्हणून ती त्रिज्या. आकाशातल्या ग्रहांचं गणित करणाऱ्यांनी दिलेलं नाव आपण कंपासपेटी घेऊन वापरत आलो.

ताट असो की पृथ्वी, उत्तर तेच का?

घरातलं एखादं गोल ताट घ्या. सुतळीने त्याचा व्यास मोजा आणि त्या मापाचे तुकडे करा. आता ते तुकडे ताटाच्या कडेला लावत जा. तीन पूर्ण बसतात आणि थोडीशी जागा उरते. ताट ३० सेंटिमीटरचं असेल तर तीन तुकड्यांनी ९० सेंटिमीटर व्यापले जातात आणि वर सुमारे सव्वाचार सेंटिमीटर उरतात. म्हणजे व्यासाचा साधारण सातवा भाग.

हाच प्रयोग वाटीवर करा, पाण्याच्या टाकीच्या झाकणावर करा, विहिरीच्या कठड्यावर करा. दर वेळी तीन पूर्ण आणि वर सातव्या भागाच्या आसपास. हा योगायोग नाही. मोबाइलवर फोटो झूम करता तेव्हा फोटोतली प्रत्येक लांबी सारख्याच पटीने वाढते. नाक दुप्पट झालं तर कानही दुप्पट होतो. वर्तुळाची गंमत ही की सगळी वर्तुळं एकाच वर्तुळाचे झूम केलेले फोटो आहेत. आयत बुटका असतो, लांबुळका असतो, त्याचे हजार प्रकार. वर्तुळाचा आकार एकच, फक्त लहान-मोठा. त्यामुळे व्यास दसपट झाला की परीघही दसपटच होणार आणि दोघांचा भागाकार हलणार नाही.

तो तीनपेक्षा जास्तच का, हेही सोपं आहे. वर्तुळाच्या आत सहा बाजूंची समान आकृती काढा, मधमाशीच्या पोळ्यातल्या घरासारखी. तिची प्रत्येक बाजू बरोबर त्रिज्येएवढी असते. सहा त्रिज्या म्हणजे तीन व्यास. पण वर्तुळाची कड या सरळ बाजूंपेक्षा बाहेर फुगलेली असते, म्हणजे ती लांबच असणार. म्हणून परीघ तीन व्यासांपेक्षा जास्त. आता वर्तुळाभोवती बाहेरून चिकटून चौकोन काढा. त्याच्या चार बाजू म्हणजे चार व्यास, आणि वर्तुळ तर त्याच्या आत आहे. म्हणून चारपेक्षा कमी.

ग्रीक गणितज्ञ आर्किमिडीजने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात हेच पुढे नेलं. सहाऐवजी बारा बाजू, मग चोवीस, अठ्ठेचाळीस, शेवटी शहाण्णव. इतकं करून त्याने दाखवलं की हा आकडा तीन पूर्णांक दहा एकाहत्तरांशपेक्षा मोठा आणि तीन पूर्णांक एक सप्तमांशपेक्षा लहान आहे. यातला दुसरा आकडा म्हणजेच आपला ओळखीचा २२/७.

या भागाकाराला पाय म्हणतात (चालायचा नव्हे, ग्रीक अक्षराचं नाव). हे अक्षर या अर्थाने पहिल्यांदा वापरलं वेल्समधल्या विल्यम जोन्स यांनी १७०६ मध्ये, आणि नंतर ऑयलरने वापरल्यामुळे ते जगभर रुळलं. किंमत ३.१४१५९ आणि पुढे न संपणारी रांग. सूत्र लिहायचं तर एवढंच: परीघ म्हणजे व्यास गुणिले ३.१४, किंवा त्रिज्या गुणिले ६.२८. उलट जायचं असेल तर भागायचं.

आता घरी बांगडीचं माप घ्या

अंगठा आणि करंगळी एकमेकांजवळ आणून हात निमुळता करा, बांगडी भरताना करतो तसा. हाताच्या सगळ्यात रुंद जागी, म्हणजे बोटांच्या मुळांच्या सांध्यांवर, दोरा गुंडाळा. घट्ट आवळू नका. दोरा जिथे जुळतो तिथे खूण करा आणि पट्टीवर मोजा. हा झाला परीघ. त्याला ३.१४ ने भागा की व्यास मिळाला.

पण भागाकार करायचाही कंटाळा असेल तर एक सोपी गोष्ट आहे. बांगडीचा एक नंबर वाढला, म्हणजे २.४ वरून २.६ वर गेलं, की व्यास दोन सोळांश, म्हणजे एक अष्टमांश इंचाने वाढतो. हे झाले ३.१७५ मिलिमीटर. त्याला पायने गुणलं तर येतात ९.९७ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ बरोबर एक सेंटिमीटर. याचा अर्थ, दोरा एक सेंटिमीटर वाढला की बांगडी एक नंबर वाढते. आणि आकडेही सुबक जुळतात. दोरा १७ सेंटिमीटर भरला तर २.२, अठरा भरला तर २.४, एकोणीसला २.६, वीसला २.८ आणि एकवीसला २.१०. मधलं माप आलं तर काचेच्या बांगडीसाठी वरचा नंबर घ्या, कारण काच ताणली जात नाही. हा हिशोब कुठल्या दुकानाच्या चार्टवर मी इतक्या सोप्या भाषेत पाहिलेला नाही, म्हणून स्क्रीनशॉट काढून ठेवायला हरकत नाही.

दोन चुका मात्र टाळा. पहिली, मनगट मोजणं. बांगडी राहते मनगटावर, पण तिला जावं लागतं सांध्यांवरून, आणि अडते ती तिथेच. फासाचं किंवा बिजागरीचं कडं असेल तर गोष्ट वेगळी, ते उघडून घालता येतं.

दुसरी चूक, घरातल्या जुन्या बांगडीचा व्यास बाहेरून मोजणं. जाडी दोन्ही बाजूंनी मोजली जाते हे लक्षात येत नाही. तीन मिलिमीटर जाडीचं कडं असेल तर बाहेरून मोजताना सहा मिलिमीटर जास्त येतात. म्हणजे २.४ चं कडं पट्टीवर ६३ मिलिमीटर दाखवतं आणि तुम्ही निवांत २.८ मागवता. दोन नंबरांचा फरक पडतो. सोन्याचं कडं असेल तर ही चूक केवढ्याला पडेल, ते सांगायला नको.

अंगठीच्या बाबतीत अजून एक गंमत आहे. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे अंगठीचा नंबर म्हणजे आतला परीघ, मिलिमीटरमध्ये. म्हणजे ५२ नंबरची अंगठी आतून ५२ मिलिमीटर घेराची, व्यास सुमारे साडेसोळा. बांगडीला व्यास, अंगठीला परीघ. देशोदेशीच्या नंबरांच्या पद्धती याहून वेगळ्या असतात, त्यामुळे परदेशी साइटवरून मागवताना नंबराऐवजी मिलिमीटरचा रकाना बघणं बरं.

कासारांना यातलं काही करावं लागत नाही. ते हात धरतात, जरा दाबतात आणि नंबर सांगतात. तो अंदाज वर्षानुवर्षं हात बघून आलेला असतो, आपल्याला दोराच बरा.

२२/७ ही पायची 'अचूक किंमत' आहे का?

नाही. दर वर्षी मार्च महिन्यात यावरून फॉरवर्ड फिरतात, म्हणून थोडं स्पष्ट सांगायला हवं. २२/७ म्हणजे ३.१४२८५७ असा आवर्ती दशांश, आणि पाय आहे ३.१४१५९. फरक शेकड्याला ०.०४ इतका. बांगडीच्या परिघात यामुळे मिलिमीटरचा दहावा हिस्सासुद्धा पडत नाही. पण पृथ्वीचा विषुववृत्तावरचा व्यास १२,७५६ किलोमीटर धरून २२/७ ने परीघ काढला तर उत्तर १६ किलोमीटरने चुकतं.

पाय कोणत्याही दोन पूर्णांकांच्या भागाकारात बसतच नाही, हे योहान लँबर्टने १७६० च्या दशकात सिद्ध केलं. पण ही किंमत जवळपासची आहे हे भान आपल्याकडे फार आधीपासून होतं. इसवी सन ४९९ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, आर्यभटांनी आर्यभटीयात नियम दिला. शंभरात चार मिळवा, आठने गुणा, त्यात बासष्ट हजार मिळवा. आले ६२,८३२. हा झाला २०,००० व्यासाच्या वर्तुळाचा परीघ. भागून बघा, ३.१४१६ येतात. या उत्तराला त्यांनी 'आसन्न' म्हटलं आहे, म्हणजे जवळ पोचलेलं. स्वतःच्या उत्तरावर तंतोतंत असा शिक्का त्यांनी मारला नाही, हे मला त्या चार दशांश स्थळांपेक्षाही मोठं वाटतं.

पुढे ११५० च्या सुमारास भास्कराचार्यांनी लीलावतीत दोन्ही किमती शेजारी शेजारी दिल्या. ३९२७/१२५० ही सूक्ष्म आणि २२/७ ही स्थूल, पण व्यवहाराला योग्य. पहिली भागली तर ३.१४१६ बरोबर येते. थोडक्यात, बारीक कामाला एक आणि बाजारहाटाला दुसरी. याहून शहाणपणाचा सल्ला आजही देता येणार नाही. या भास्कराचार्यांचा महाराष्ट्राशी धागा पक्का आहे. त्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी चाळीसगावजवळच्या पाटण इथे मठ काढला. तिथला शिलालेख तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा आहे आणि तो एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी अभ्यासकांसमोर आणला. पाटणादेवीला पुन्हा गेलात तर हे आठवा.

आणि हो, १४ मार्च हा पाय दिवस अमेरिकी तारखेमुळे आहे. तिकडे महिना आधी लिहितात, म्हणून ३/१४. युनेस्कोने २०१९ मध्ये तोच दिवस आंतरराष्ट्रीय गणित दिवस म्हणून जाहीर केला. आपल्या पद्धतीने तारीख लिहिली तर २२ जुलै हा दिवस २२/७ असा दिसतो, आणि तोही पायच्या जवळपासच्या किमतीचा दिवस म्हणून साजरा होतो.

किती दशांश स्थळं पुरतात? पंधरा घेतली, म्हणजे ३.१४१५९२६५३५८९७९३, आणि २,४०० कोटी किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढलं, तरी परिघात चूक येते ती सेंटिमीटरभराची. अब्जावधी आकड्यांची स्पर्धा चालते ती संगणकाची ताकद दाखवायला. बांगडीला ३.१४ खूप झालं.

त्रिज्या एकाने वाढली की परीघ ६.२८ ने वाढतो

या विषयातली सगळ्यात चकवणारी गोष्ट हीच आहे.

समजा विषुववृत्तावर पृथ्वीला घट्ट दोरी बांधली. लांबी सुमारे ४०,०७५ किलोमीटर. आता ही दोरी सगळीकडून जमिनीपासून एक मीटर वर उचलायची आहे. जास्तीची किती दोरी लागेल? बहुतेक जण हजारो किलोमीटर म्हणतात. उत्तर आहे ६.२८ मीटर. एका रिक्षाभोवती धड एक फेराही होणार नाही एवढी.

आता पृथ्वी बाजूला ठेवा आणि फुटबॉलला दोरी बांधा. तीही सगळीकडून एक मीटर बाहेर न्यायची. जास्तीची दोरी किती? तीच, ६.२८ मीटर. कारण परीघ म्हणजे त्रिज्या गुणिले ६.२८. त्रिज्येत एक मिळवला तर परिघात ६.२८ मिळतात, मूळ त्रिज्या किती होती याच्याशी काही देणंघेणं नाही. तुमची उंची १.६५ मीटर असेल आणि तुम्ही पृथ्वीला पायी प्रदक्षिणा घातलीत, तर तुमचं डोकं तुमच्या तळपायांपेक्षा फक्त १०.४ मीटर जास्त चालेल.

हे कोडं म्हणून सांगतात, पण शिवणकाम करणाऱ्यांना हे रोज भोवतं. पूर्ण घेराचा, अंब्रेला कटचा स्कर्ट घ्या. कमर २८ इंच. कापड चौपदरी दुमडून कोपऱ्यापासून त्रिज्या मोजायची असते. २८ भागिले ६.२८, म्हणजे ४.४६, साडेचारला थोडं कमी. आता कात्री चालवताना ही त्रिज्या एका इंचाने जास्त कापली गेली, तर कमर एका इंचाने नाही, सव्वासहा इंचांनी ढिली होते. म्हणूनच जाणकार शिंपी वरचं वर्तुळ आधी लहानच कापतात आणि मग थोडं थोडं मोठं करतात. कापलेलं कापड परत येत नाही.

खालच्या लेसचाही हाच हिशोब. स्कर्टची लांबी ३६ इंच असेल तर खालचा घेर म्हणजे २८ अधिक ३६ गुणिले ६.२८, एकूण २५४ इंच. सात वारांहून किंचित जास्त, म्हणजे सुमारे साडेसहा मीटर लेस. चार मीटर पुरेल असं समजून घेतलेली लेस निम्म्या घेरावर संपली आणि दुकानात तो रंगच उरला नाही, हा अनुभव अनेकींना आहे. लांबी एक इंच वाढवली तर लेस सहा इंचांनी वाढते, हे लेस घेण्याआधीच माहीत असलेलं बरं.

मैदानावरही हेच. ४०० मीटरच्या शर्यतीत धावपटू एका ओळीत का उभे नसतात? बाहेरच्या लेनला पुढे उभं करून सवलत दिल्यासारखं वाटतं, पण तो हिशोब आहे. प्रमाणित ट्रॅकचे सरळ भाग ८४.३९ मीटरचे आणि वळणाची आतली त्रिज्या ३६.५ मीटर. पहिल्या लेनमधला धावपटू कडेपासून ३० सेंटिमीटरवरून धावतो असं धरतात, म्हणजे त्रिज्या ३६.८. दोन अर्धवर्तुळं मिळून एक पूर्ण वर्तुळ, परीघ २३१.२२ मीटर. त्यात दोन सरळ भाग मिळवा, बरोबर ४०० होतात. एक लेन १.२२ मीटर रुंद. दुसऱ्या लेनपासून आतल्या रेषेपासून २० सेंटिमीटरवर मोजतात, म्हणून दुसऱ्या लेनची त्रिज्या पहिलीपेक्षा १.१२ मीटरने जास्त. गुणिले ६.२८, आले ७.०४ मीटर. दुसऱ्या लेनचा धावपटू तेवढा पुढे. आठव्या लेनपर्यंत हा फरक ५३.०३ मीटर होतो. शाळेच्या मैदानावर फक्की मारून लेन आखल्या आणि सगळ्यांना एकाच रेषेवर उभं केलं, तर बाहेरच्या मुलावर चक्क अन्याय होतो. आणि १०० मीटरला वळणच नसतं, म्हणून तिथे सगळे एका ओळीत.

तुमच्या गाडीचं मीटर नेमकं काय मोजतं?

गाडीचं मीटर अंतर मोजत नाही. ते चाकाचे फेरे मोजतं आणि ठरलेल्या परिघाने गुणतं. रिक्षाचं भाड्याचं मीटरही याच तत्त्वावर चालतं.

टायरच्या बाजूला १००/९०-१७ असं लिहिलेलं दिसतं. १०० म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ९० म्हणजे टायरची उंची रुंदीच्या नव्वद टक्के, इथे ९० मिलिमीटर. १७ म्हणजे रिमचा व्यास, इंचांत. एकूण व्यास काढायचा तर १७ इंचांचे ४३१.८ मिलिमीटर, त्यात वर आणि खाली ९०-९० मिळवायचे. झाले ६११.८. परीघ सुमारे १,९२२ मिलिमीटर. म्हणजे एका किलोमीटरला साधारण ५२० फेरे.

आता गाडी रुबाबदार दिसावी म्हणून मीटर ज्या चाकावरून फेरे मोजतं तिथे ११०/९०-१७ टाकला. रुंदी वाढली तशी उंचीही ९९ मिलिमीटर झाली, कारण ती रुंदीच्या टक्केवारीत असते. व्यास ६२९.८, परीघ १,९७९. मीटरला हे कळत नाही. ते जुन्याच परिघाने गुणत राहतं. मीटर १०० किलोमीटर दाखवतं तेव्हा गाडी जवळजवळ १०३ चाललेली असते, आणि काटा ६० वर असताना वेग असतो ६१.८. मग 'टायर बदलल्यापासून अॅव्हरेज पडलं' अशी तक्रार सुरू होते. पडलं असेलही, पण त्यातला तीन टक्के भाग निव्वळ मीटरचा असतो.

टायर झिजला की उलटं होतं. पाच मिलिमीटर झीज म्हणजे व्यासात दहा मिलिमीटर कमी, परीघ दीड टक्क्याहून थोडा जास्त घटतो. मीटर १०० म्हणतं तेव्हा प्रत्यक्षात ९८ च्या वरचं अंतर कापलेलं असतं. अॅव्हरेज मात्र कागदावर छान दिसतं.

स्वतःच्या गाडीचा खरा परीघ हवा असेल तर पट्टी आणि पाय दोन्ही विसरा. टायरमध्ये नेहमीची हवा भरा. टायर जमिनीला टेकतो तिथे खडूने खूण करा, जमिनीवरही तशीच. कुणाला तरी गाडीवर बसवा, कारण वजनाने टायर थोडा दबतो. गाडी सरळ रेषेत ढकलत चाकाचे दहा फेरे पूर्ण करा आणि दोन खुणांमधलं अंतर टेपने मोजा. त्याला दहाने भागा. एक फेरा मोजण्यापेक्षा दहा मोजणं बरं, टेप एखाद-दुसरा सेंटिमीटर हलला तरी चूक दहा फेऱ्यांत वाटली जाते. सायकलच्या डिजिटल मीटरमध्ये चाकाचा आकडा टाकायला सांगतात तो हाच, फक्त तिथे तो मिलिमीटरमध्ये टाकावा लागतो.